दारावरचे वाकडे तोंड

मी एक जुना दगडी चेहरा आहे. एका रुंद दाराच्या माथ्यावर जो लांबलचक आडवा दगड आहे, त्याच्या अगदी मधोमध माझी जागा. डोळे खोबणीतून बाहेर आलेले, नाक बसके, गाल फुगलेले, एक दात तुटलेला. माझ्यासारख्या चेहऱ्याला जाणकार लोक कीर्तिमुख म्हणतात. खालच्या शाळेतली मुले मला वाकडतोंड्या म्हणतात. दोन्ही नावे मला चालतात. पण दुसरे जास्त आवडते, कारण ते मी कमावलेले आहे.

मित्रांनो, मला खाली उतरवायचा हुकूम निघाला होता. माझ्या कपाळावर लाल रंगाची फुली मारून झाली होती. दोरखंड आले होते, लाकडी टेकू आले होते, दार बंद झाले होते. तरी मी उतरलो नाही. का उतरलो नाही ते सांगतो. पण त्यासाठी आधी माझे तोंड वाकडे का, हे सांगायला हवे.

ही इमारत वाटसरूंच्या मुक्कामासाठी बांधली गेली. गाड्या आत शिराव्यात म्हणून दार रुंद ठेवले होते. त्या काळी दाराची नक्षी जमिनीवर कोरून मग वर चढवत नसत. आधी दोन्ही बाजूंचे खांब उभे करायचे, त्यांवर आडवा ओबडधोबड दगड ठेवायचा, मग परांची बांधून नक्षी जागेवरच कोरायची. आमच्या दारावर फुलापानांची वेल कोरायची होती. ती दोन्ही खांबांच्या पायथ्यापासून वर चढणार, आडव्या दगडावर वळणार आणि दोन्हीकडच्या वेली मधोमध एकमेकींना भेटणार. मधे दगडाचा एक गोळा मुद्दाम न कोरता ठेवलेला होता. सगळे काम संपल्यावर त्याचे कमळ करायचे, असे ठरले होते.

तो गोळा म्हणजे मी. मला कमळ व्हायचे होते. निदान तसे सांगितले तरी गेले होते.

कामावर मुख्य होते मामा. म्हणजे ते दोन कारागीर भावांचे मामा; पण कामगारांचा सगळा तांडाच त्यांना मामा म्हणायचा. भाच्यांना छिन्नी धरायला त्यांनीच शिकवले होते. थोरला उजव्या हाताने काम करायचा आणि धाकटा डाव्या हाताने, म्हणून धाकट्याचे नाव डावखुरा पडले. दारापुढे उभे राहिले की डाव्या हाताचा खांब थोरल्याकडे आणि उजव्या हाताचा डावखुऱ्याकडे, अशी वाटणी होती.

थोरला मनाने वाईट नव्हता, पण त्याच्या जिभेला हाड नव्हते. एकदा जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर तो म्हणाला, “आमच्या डावखुऱ्याचा हात उलटा. त्याचं काम लोकांना मागच्या बाजूनं दाखवावं लागेल.” सगळे हसले. डावखुऱ्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला, उठला आणि त्या दिवसापासून भावाशी बोलेनासा झाला. थोरल्याला वाटले, राहील दोन दिवस फुगून. पण दोन दिवसांचे महिने झाले. मग थोरल्यालाही राग आला, की एवढेसे बोललो तर एवढे काय मनावर घ्यायचे! मामा तेव्हा आतल्या ओसरीच्या खांबांचे दगड निवडायला दूरच्या खाणीवर गेले होते. दोघांना एकत्र बसवील असे कामावर कोणीच नव्हते.

दगडाच्या कपच्या एकमेकांच्या डोळ्यात उडू नयेत म्हणून परांचीवर दोघांच्या मधे गोणपाट टांगलेले असायचे. एरवी ते दिवसातून अनेकदा बाजूला व्हायचे. आता ते जे पडले ते पडलेच.

इथेच घोटाळा झाला. आडव्या दगडावर नक्षी सुरू करण्याआधी एक साधे काम करावे लागते. दोरी ओल्या गेरूत बुडवायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणायची आणि मधे उचलून सोडायची. दगडावर फटकन सरळ लाल रेघ उमटते. मग दोन्ही बाजूंचे काम त्या एकाच रेघेवर चालते. पण दोरीला दोन टोके असतात आणि ती धरायला दोन माणसे लागतात. थोरल्याला वाटले, मी का म्हणून हाक मारू? डावखुऱ्याला वाटले, ज्याला माझा हात उलटा वाटतो त्याच्या हातात मी दोरी का देऊ? दोघांनीही आपापला गज घेतला, आपापल्या पायाखालच्या फरशीपासून उंची मोजली आणि खूण केली.

मोजमाप दोघांचेही बिनचूक होते. पण पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून फरशीला एका बाजूला उतार दिलेला होता. त्या उताराची आठवण दोघांपैकी एकालाही झाली नाही.

मामा परतले, परांचीवर चढले आणि त्यांनी गोणपाट ओढून काढले. डावीकडची वेल माझ्याकडे आली ती वरच्या अंगाला. उजवीकडची आली ती तिच्यापेक्षा चांगली दोन बोटे खाली. दोन्हींची पाने इतकी सुरेख उतरली होती, की वाऱ्याने हलतील असे वाटावे. पण त्या एकमेकींना भेटत नव्हत्या. मामा माझ्याजवळ सरकले. त्यांनी माझ्यावर टिचकी मारून पाहिली. मी खणखणीत वाजलो.

इमारत बांधून घेणाऱ्यांचा कारभारी दुसऱ्या दिवशी काम पाहायला आला. मोठ्या डोळ्यांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याने खालूनच विचारले, आता कमळ कुठे बसवणार, या दोघांच्या डोक्यावर का? मग म्हणाला, हा दगड पाडा आणि दुसरा चढवा. मामा म्हणाले, पाडणार नाही. कारभाऱ्याने पुन्हा सांगितले. मामांनी पुन्हा तेच उत्तर दिले. सगळ्या कामगारांचे हात थांबले.

“दगडात भेग नाही,” मामा म्हणाले. “चूक या दोघांची आहे. त्यांच्या चुकीपायी मी चांगला दगड फोडणार नाही. आणि त्या दोघांना मोकळंही सोडणार नाही.”

एवढे बोलून त्यांनी कोळसा उचलला आणि माझ्यावर दोन मोठे वाटोळे डोळे काढले. डोळे सरळ कारभाऱ्यावर रोखलेले. कारभारी नकळत एक पाऊल मागे सरकला. पुढे तांड्यातले लोक कुजबुजत, की ते डोळे कुणाचे, हे कारभाऱ्याने आरशात पाहिले की कळेल. डोळ्यांखाली मामांनी तोंड काढले. डावा कोपरा वर, डावी वेल आत घेण्यासाठी. उजवा कोपरा खाली, उजवी वेल आत घेण्यासाठी. दोन्ही वेली माझ्या तोंडात, आणि तोंड वाकडे.

असा मी जन्मलो. कमळ हुकले. मला त्याचे दुःख नाही. कमळे पुष्कळ आहेत.

पण मामा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी भाच्यांना समोर बसवले आणि बजावले, की वेली बाहेर जुळल्या नाहीत, तर आता तोंडाच्या आत जुळवा. दोघांची मिळून एक गाठ कोरा. त्यावर कोणीतरी म्हणाले, एवढ्या खोल, एवढ्या अंधारात ती कोणाला दिसणार? मामा म्हणाले, कोणाला दिसायला नकोच आहे.

माझ्या तोंडात एका वेळी एकच हात मावायचा. आणि आत काळोख. म्हणून एकाने कोरायचे आणि दुसऱ्याने पितळेचे घासलेले ताट धरून उन्हाची तिरीप आत पाडायची, एवढाच मार्ग होता. पहिल्या दिवशी थोरला कोरत होता आणि डावखुरा ताट धरून दुसरीकडेच पाहत होता. तिरीप माझ्या नाकावर नाचत होती. शेवटी थोरला म्हणाला, “जरा वर.”

महिन्यांनंतर बोललेले ते दोन शब्द. डावखुऱ्याने ताट वर केले. थोरला म्हणाला, आता थोडे डावीकडे. डावखुऱ्याने विचारले, तुझ्या डावीकडे का माझ्या? वर टोमणाही मारला, की माझा तर हातच उलटा ना! थोरल्याने मान खाली घातली आणि छिन्नी चालवत राहिला.

गाठीचा एक वेढा जिभेच्या मागे जात होता. तिथे थोरल्याची छिन्नी पोचेना. त्याने मनगट वळवून पाहिले, खांदा वाकडा करून पाहिला, परांचीवर आडवा पडून पाहिले. उजव्या हाताला तो कोपरा गाठताच येत नव्हता. तो खाली बसला. घाम पुसला. मग छिन्नी भावापुढे धरून म्हणाला, “इथं तुझाच हात लागेल.”

याहून वेगळी माफी त्याने मागितली नाही. डावखुऱ्यालाही आणखी नको होती. त्याने छिन्नी घेतली, ताट भावाच्या हातात दिले आणि तो वेढा असा कोरला, की त्याच्याइतका गुळगुळीत भाग माझ्या अख्ख्या अंगावर नाही. ते सगळे माझ्या तोंडात घडले, मित्रांनो. म्हणून मला माझ्या तोंडाची लाज वाटत नाही.

मग कामाची वर्षे आली. थकलेले वाटसरू खालून जाताना मान वर करायचे. लहान मुले मला पाहून रडायची आणि त्यांचे बाप त्यांना उचलून जवळून दाखवायचे, की बघ, चावत नाही. माझे काम एकच होते, येणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवणे. जो अकडून यायचा त्याच्याकडे मी अकडून पाहायचो. जो दमून यायचा त्याच्याकडेही तसाच पाहायचो, कारण मला दुसरे पाहणेच येत नाही; पण दमलेल्या माणसाला हसू यायचे, आणि ते मला पुरायचे.

पुढे वाट बदलली. वाटसरू येईनासे झाले आणि इमारतीत धान्याचे कोठार आले. कोठारवाल्याने माझ्या सुळ्यात आकडा अडकवून तराजू टांगला. मी पोती तोलली. एक दिवस सुळा तुटला आणि भरलेले पोते कोठारवाल्याच्या पायावर आले. त्याने मला पोटभर शिव्या दिल्या. मी त्याच्याकडे नेहमीसारखाच पाहत राहिलो. नंतर कोणी माझ्या गालात पाटीसाठी खिळा ठोकला. तो वाकला. कोणी मला पिवळा रंग दिला, कोणी निळा. दोन्ही पोपडे धरून गळून गेले. मी इथेच आहे.

एकाच गोष्टीने मला खरोखर गप्प केले. ती म्हणजे चुना. दरवर्षी भिंतींना चुना लावणारा वर चढायचा आणि उरलेला चुना माझ्या तोंडात झटकायचा. थरावर थर चढत गेले. चिमण्यांनी त्यात काड्या खोचल्या. हळूहळू तोंड भरले आणि आतली गाठ झाकली गेली. मामा नव्हते, ते भाऊ नव्हते, आणि आत काय आहे हे सांगणारेही आता कोणी उरले नव्हते.

त्यानंतर शाळा आली. शाळेतल्या मुलांनी माझ्या तोंडाचा एक उपयोग शोधून काढला. खालून खडा मारायचा आणि तो तोंडात अडकला की जिंकलो. एक दोन वेण्यांची मुलगी होती. मुले तिला चिडवायची, की मुलींचा नेम म्हणजे वाऱ्यावरची वरात. तिने खिशातली निळी गोटी काढली, एक डोळा मिटला आणि ती सरळ माझ्या घशात बसवली. मुलांनी हातातले खडे खाली टाकले. गोटी मात्र परत मिळाली नाही.

तीच मुलगी आज त्या शाळेची मुख्याध्यापिका आहे; सगळे तिला मोठ्या बाई म्हणतात. वेण्या गेल्या, चष्मा आला, नेम तसाच आहे. खडू फेकला तर शेवटच्या बाकावरच्या झोपाळूला बरोबर लागतो.

आता फुलीची गोष्ट. जुन्या इमारती तपासायला एक तरुण इंजिनिअर बाई आली. मुले तिला मोजणीवाली ताई म्हणू लागली. ती कामाला चोख होती. तिचा मदतनीस त्या दिवशी आला नव्हता, म्हणून तिने एकटीनेच टेप लावला. डावीकडे फरशीपासून वेलीची उंची मोजली, मग उजवीकडे जाऊन मोजली. दोन्हीकडे सारखीच. मग मधोमध वेली जुळत का नाहीत? तिने मान वर करून पाहिले तर माझ्या तोंडातल्या चुन्याला उभी भेग गेलेली. तिला अर्थ लागला. दगड मधे फुटला आहे, अर्धा हलला आहे आणि कधीतरी खाली येणार आहे. तिने माझ्या कपाळावर फुली मारली.

मी तिला दोष देत नाही. खालून शेकडो मुले जातात. तिला त्यांची काळजी होती. पण वरून पाहताना मला वाटले, अगं, तूसुद्धा? तूसुद्धा पायाखालच्या फरशीवर विश्वास ठेवलास?

दार बंद झाले. मुले मागच्या बोळातून, उघड्या गटाराच्या कडेने आत जाऊ लागली. मला काढून त्या जागी लोखंडी तुळई बसवायची, असे ठरले. इतका लांब आणि खांबांत गच्च बसलेला दगड अखंड निघत नाही. तो तुकड्यांनीच निघतो. परांची बांधली गेली. मोठ्या बाई रोज बंद दाराशी येऊन उभ्या राहायच्या. शेवटी त्या मोजणीवाल्या ताईला म्हणाल्या, “पडणार असेल तर पाड. पोरांच्या डोक्यांपुढे मला नक्षीचं कौतुक नाही. पण तो पडणार आहे हे मला डोळ्यांनी दाखव.”

मोजणीवाल्या ताईला हे पटले. दगड उतरवण्याआधी शेवटची पाहणी करायचीच होती. तिने पिशवीतून पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी काढली. तुम्ही गवंड्यांकडे अशी नळी पाहिली असेल. नळीची दोन टोके दोन ठिकाणी धरली, की आतले पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर उभे राहते. फरशीला उतार असो की खड्डा, पाण्याला त्याचे काही नसते. मात्र टोके धरायला दोन माणसे लागतात. मदतनीस जेवायला गेला होता. ताईने इकडेतिकडे पाहिले आणि जरा संकोचून विचारले, “बाई, दुसरं टोक धराल?”

मोठ्या बाईंनी पदर खोचला आणि परांचीवर चढल्या.

किती शतकांनी, मित्रांनो, या दाराच्या दोन टोकांना दोन माणसे एका वेळी उभी होती! पाणी हलले, डुचमळले आणि थांबले. आडव्या दगडाची खालची कड मामांनी शेवटी भाच्यांना दोरीची टोके धरायला लावून स्वतः घडवली होती. ती या टोकाला आणि त्या टोकाला तंतोतंत एका पातळीत निघाली. ताईने पुन्हा पाहिले. मग तिने नळी फरशीपाशी धरायला लावली आणि उतार दिसताच कपाळाला हात लावला. उजवीकडची वेल अगदी खांबापासूनच खाली होती. दगड हललाच नव्हता.

“मग ती भेग?” बाईंनी विचारले.

ताईने लाकडी कांडीने माझे तोंड हलकेच खरवडायला घेतले. आधी काड्या निघाल्या. मग खडे, पेन्सिलीचा तुकडा आणि एक निळी गोटी. मोठ्या बाईंनी ती उचलली, पदराला पुसली आणि ताईने मागायच्या आत कमरेला खोचली. मग चुना निघू लागला. खपली सुटली की तिच्याबरोबर भेगही खाली पडत होती. आत काय आहे ते मात्र दिसेना. बाई खाली उतरल्या आणि शिक्षकांच्या खोलीतला आरसा घेऊन आल्या. उन्हाची तिरीप माझ्या नाकावर नाचू लागली.

“जरा वर,” ताई म्हणाली. “आता थोडं डावीकडे.”

“तुझ्या का माझ्या?” बाईंनी विचारले.

आणि तिरीप आत शिरली.

दोन वेली एकमेकींत गुंतलेल्या. डावीकडून येणारीवर छिन्नीचे घाव एका दिशेला तिरपे, उजवीकडून येणारीवर दुसऱ्या दिशेला. आणि गाठीत दोन्ही प्रकारचे घाव एकमेकांत मिसळलेले. सगळा दगड अखंड. ताईने बोट आत घालून तो गुळगुळीत वेढा चाचपला.  कितीतरी वर्षांनी माझे तोंड मोकळे झाले होते.

तिने आपल्या कचेरीतल्या साहेबांना फोन लावला. साहेबांचे म्हणणे, की एकदा दिलेला अहवाल फिरवला तर लोक हसतील. ती म्हणाली, “हसू देत. दगड शाबूत आहे, मी पाडायला सांगणार नाही.” मग ओले फडके घेऊन तिने स्वतः माझ्या कपाळावरची फुली पुसली. थोडा लाल रंग खळग्यांत राहिलाच आहे. राहू दे. मला तो शोभतो.

दार उघडले. नंतर कोणी सुचवले, की आता परांची आहेच तर थोडे सिमेंट भरून तोंड सरळ करून घ्या, फोटोत बरे दिसेल. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून असे पाहिले, की माझ्या डोळ्यांनाही ते जमले नसते. विषय तिथेच संपला.

तर मित्रांनो, जुन्या दारांवर माझ्यासारखे पुष्कळजण बसलेले आहेत. आमच्या अंगावर खिळे ठोकू नका, नावे कोरू नका, चुन्याने आमची तोंडे बंद करू नका. एखादे वाकडे दिसले तर लगेच फुली मारू नका. आधी दुसरे टोक धरायला कोणाला तरी हाक मारा. ज्याच्याशी बोलणे टाकले असेल त्यालाच मारलीत तर फारच चांगले. मग आत उजेड पाडून पाहा.

आणि एवढे करूनही माझ्याकडे पाहून तोंड वाकडे करावेसे वाटले, तर खुशाल करा. मी तुमच्या कितीतरी आधीपासून ते करून बसलो आहे, आणि सरळ करणार नाही.